मंगळवारची बाटली

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. त्यांना सगळे ब्युरेटकाका म्हणत. ब्युरेट म्हणजे ती उभी, रेषा आखलेली काचेची नळी. तिच्यातून द्रव थेंबथेंब खाली सोडायचा आणि किती सोडला ते रेषेवरून वाचायचं. आम्ही वाचायला लागलो की काका पाठीमागे येऊन उभे राहत.

“डोळा पातळीला आणा. वरून बघू नका, खालून बघू नका. आणि आधी स्थिर होऊ द्या त्याला. ज्यांना घाई आहे त्यांनी बस पकडावी, रीडिंग घेऊ नये.”

मुलांची नावं त्यांच्या कधीच लक्षात राहिली नाहीत. ते टेबलाच्या नंबराने हाक मारत. मी सात नंबर. पहिल्या वर्षात मी दोन ब्युरेटी फोडल्या, त्यामुळे माझा नंबर त्यांच्या जरा जास्तच लक्षात राहिला. सरांचं उत्तर पुस्तकातलं असायचं, काकांचं बाटलीतलं. दोन्ही जुळली नाहीत तर आम्ही काकांचं लिहायचो.

पुढे तेरा-चौदा वर्षांनी मी माझ्या मुलीसाठी शाळेची व्हॅन शोधत होते. शोधत होते म्हणजे जिवाला घोर लावून घेतला होता. चार व्हॅन नाकारल्या. एकीचे टायर गुळगुळीत, एकीचं दार दोरीने बांधलेलं, तिसऱ्या ड्रायव्हरच्या तोंडाला वास, आणि चौथ्याचा वास येत नव्हता म्हणून मला जास्त संशय. पाचव्या व्हॅनचं दार उघडलं तर आत ब्युरेटकाका.

“सात नंबर! दोन ब्युरेटी येणं आहे अजून.”

कॉलेजने तो विभागच बंद केला होता. काकांनी निवृत्तीच्या पैशातून जुनी डिझेल व्हॅन घेतली होती. आत अकरा मुलांची सोय, प्रत्येक जागेवर पांढऱ्या रंगाने नंबर. माझ्या मुलीला त्यांनी आपल्या पाठीमागची, खिडकीजवळची जागा दिली आणि नाव ठेवलं साडेसात. सात नंबरची लेक म्हणून. लेकीला ते इतकं आवडलं की घरी तिने खरं नाव टाकूनच दिलं.

काकांच्या व्हॅनच्या मागच्या दाराला आतून एक काळी पाटी स्क्रूने बसवलेली होती. मुलांना सोडून झालं की ते दार उघडं टाकून शाळेसमोर उभे राहत आणि येणारेजाणारे ती पाटी वाचत. गावात तीन पंप. पुलाजवळचा, हॉस्पिटलसमोरचा आणि मोठ्या रस्त्याच्या वळणावरचा. तिघांचे भाव वेगवेगळे. पुलाजवळचा सगळ्यात स्वस्त, वळणावरचा सगळ्यात महाग, हॉस्पिटलसमोरचा मधला. पाटीवर खडूने चार रकाने: भाव, माप, घनता, गाळ. प्रत्येक पंपाची वरची ओळ डिझेलची, खालची पेट्रोलची.

“पंपाच्या बोर्डावर स्वस्त असणं वेगळं आणि रस्त्यावर स्वस्त असणं वेगळं,” काका म्हणायचे. “एका लिटरला दोन पैसे वाचवले आणि गाडी दोन किलोमीटर कमी गेली, तर वाचवलं कुणी आणि कुणाचं?”

तपासणी दर शनिवारी. शाळेला सुट्टी. दहा वाजता पुलाजवळ, साडेदहाला हॉस्पिटलसमोर, अकराला वळणावर. क्रम कधी बदलला नाही, बाटल्या बदलल्या नाहीत, थर्मामीटरही प्रयोगशाळेतलाच, कॉलेजने भंगारात काढलेला. पंपावरचं पाच लिटरचं भांडं मागून घ्यायचे आणि माप पुरतं भरतं का ते बघायचे. मग उंच काचेच्या जारमध्ये डिझेल ओतून त्यात घनतामापी सोडायचे आणि ती तरंगणारी नळी डुलायची थांबेपर्यंत समोर उकिडवे बसून राहायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. काका ढिम्म. पेट्रोलचा एक थेंब गाळणकागदावर टाकायचे. उडून गेला आणि डाग राहिला नाही तर चांगलं. शेवटी प्रत्येक ठिकाणची एक बाटली घरी न्यायची आणि आठवडाभर फळीवर ठेवून तळाशी काय बसतं ते पाहायचं.

“एवढं कशाला काका? एकदा शनिवारी, एकदा बुधवारी, जमेल तसं बघितलं तर?” मी एकदा विचारलं होतं.

मी तिसरी ब्युरेट फोडल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. “वार तोच, वेळ तीच, भांडं तेच. बाकी सगळं सारखं ठेवलं तरच तुलना. नाहीतर नुसत्या गप्पा.”

आठ महिने पुलाजवळचा पंप पाटीवर पहिला होता. भाव कमी, माप चोख, घनता बरोबर, गाळ नाही. टॅक्सीवाले शनिवारी दुपारी मुद्दाम पाटी बघायला येत. आम्ही आईबाप मंडळीही तिथेच गाड्या भरू लागलो. माझ्या स्कूटरला पेट्रोल तिथलंच.

त्या पंपाचा मालक कायम पांढरे बूट घालायचा. तेलाच्या धंद्यात पांढरे बूट घालून फिरणारा माणूस. म्हणजे स्वतः कधी नोझलला हात लावत नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याने एकदा गोड बोलून काकांच्या पाटीचा फोटो काढला, तो दाराएवढा मोठा करून घेतला आणि पंपावरच्या आपल्या केबिनला लावला. वर लिहिलं, ‘तपासलेलं डिझेल’. काका लाजले होते. इतक्या मोठ्या आकारात आपलं अक्षर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

मग तो मंगळवार आला.

आदल्या रविवारी शाळेची मुलं खेळांच्या स्पर्धेला परगावी गेली होती आणि काकांची व्हॅन सोबत गेली होती. एरवी शनिवारी तपासणी झाली की टाकी भरायची आणि ती आठवडाभर पुरायची. या वेळी मंगळवारी सकाळीच काटा खाली आला. काका पावणेसातला पुलाजवळच्या पंपावर गेले. स्वतःच्याच पाटीवर पहिला असलेल्या पंपावर. तीन नंबरच्या नोझलमधून त्यांनी डिझेल भरलं. शेजारी टँकर नुकताच रिकामा झाला होता आणि माणसं त्याची जाड नळी गुंडाळत होती. काकांनी ते पाहिलं. पाहिलं आणि मनात काही आलं नाही, हे त्यांनी मला नंतर निदान दहा वेळा सांगितलं.

पुलाच्या चढावर व्हॅन दोनदा खोकली आणि बंद पडली. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक दगडासारखा कडक झाला. व्हॅन मागे घसरू लागली तेव्हा काकांनी हातब्रेक इतक्या जोरात ओढला की त्यांचं मनगट मुरगळलं. व्हॅन थांबली. पण मागून येणारा टेम्पो थांबला नाही. त्या धक्क्याने माझ्या मुलीची हनुवटी समोरच्या लोखंडी दांडीवर आपटली. पाच टाके पडले. बाकीच्या मुलांना टेंगळं आली, एकाचा दात हलला.

हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा मुलीच्या गणवेशाचा पुढचा भाग लाल झाला होता आणि ती मलाच धीर देत होती. काका भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी शाळेत आईबापांची बैठक झाली. पंपाचा मालकही आला. त्याला कुणी बोलावलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो हळहळत म्हणाला, “आमच्याकडून दिवसाला एवढ्या गाड्या भरून जातात, दुसरी एक तरी बंद पडली का? बोलू नये, पण स्वस्तात पडावं म्हणून काही लोक टाकीत रॉकेल मिसळतात. त्यांच्या मागच्या सीटखाली बघा एकदा.”

बघितलं. सीटखालच्या खोक्यात तीन बाटल्या निघाल्या. पिवळसर, वास येणाऱ्या. शनिवारच्या, घरी न्यायच्या राहिलेल्या. त्या कसल्या आहेत हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण मुलीच्या हनुवटीतली सुई मी त्याच सकाळी पाहिली होती आणि मला कुणाचा तरी सूड घ्यायचा होता. जो समोर होता त्याचा घेतला.

काकांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? ते म्हणाले, “गाडी मी चालवत होतो. डिझेल मी भरलं. पाटी मी लिहिली.” आणि खाली बसले.

तक्रारीच्या कागदावर पहिली सही माझी. माझं अक्षर मोठं आहे. मी इतकी ऐसपैस सही केली की बाकीच्या दहा जणांना खाली दाटीवाटीने कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवसापासून काकांची व्हॅन शाळेच्या दारात आली नाही.

तीन आठवड्यांनी मुलीची कंपासपेटी व्हॅनमध्ये राहिली आहे असं निघालं. दुसरी घेऊन देते म्हटलं तर रडून गोंधळ. शेवटी मी काकांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल, आणि भिंतीवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर बाटल्या. शंभरावर असतील. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, पट्टीवर वार, वेळ, पंप आणि नोझलचा नंबर.

दार काकूंनी उघडलं. मला ओळखून त्यांचा चेहरा पडला, पण आत घेतलं. “या. बसायला जागा मिळाली तर बसा. आमच्याकडे पाहुण्यांपेक्षा बाटल्यांना मान आहे.”

माझं लक्ष आधी स्वयंपाकघराकडे गेलं. “काकू, गॅस बंद आहे ना?”

“तुमच्या काकांनी तीन आठवड्यांपासून बंदच ठेवलाय. मी शेजारणीकडे स्वयंपाक करते. तिचा नवरा म्हणतो, तुमच्याकडे आग लागली तर आमचं तरी वाचेल.”

काका टेबलाशी बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. कंपासपेटी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “साडेसातचे टाके निघाले?”

“निघाले. व्रण राहणार म्हणतात.”

त्यांनी मान हलवली. मग उठून दोन बाटल्या घेतल्या आणि माझ्यासमोर खिडकीच्या पट्टीवर ठेवल्या. “डोळा पातळीला आणा.”

मी गुडघ्यावर बसले. चाळिशी जवळ आलेली बाई, पण त्या आवाजापुढे मी पुन्हा सात नंबर झाले. एका बाटलीवर लिहिलं होतं: शनिवार, दहा, पूल, तीन. डिझेल स्वच्छ, मधासारखं. दुसरीवर: मंगळवार, पावणेसात, पूल, तीन. तिच्यात तळापासून दोन बोटं वर एक रेषा होती. रेषेच्या वर डिझेल. खाली पाणी.

“व्हॅन नाही, मुलं नाहीत, वेळच वेळ,” काका म्हणाले. “सायकलवर डबा बांधला आणि रोज तिन्ही पंपांवर गेलो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हॉस्पिटलसमोरचं सगळे दिवस सारखं. वळणावरचं सगळे दिवस सारखं. पुलाजवळचं एक आणि दोन नंबर ठीक. तीन नंबरला वेगळी टाकी आहे, जुनी. तिच्यात कुठून तरी पाणी झिरपतं. एरवी ते तळाशी पडून राहतं आणि वरचं डिझेल स्वच्छ येतं. मंगळवारी पहाटे टँकर रिकामा होतो. वरून धार पडली की सगळं ढवळतं. दोन-तीन तास जो भरेल तो पाणी घेऊन जातो. दुपारपर्यंत पुन्हा खाली बसतं. शनिवारी तर काय, आरसा.”

ते मंगळवारच्या बाटलीकडे बघत राहिले. “मी आठ महिने दर शनिवारी दहा वाजता गेलो. बाकी सगळं सारखं ठेवायचं म्हणून. त्या माणसाने मला फसवलं नाही, सात नंबर. माझ्या पद्धतीने मला फसवलं.”

“मालकाला सांगितलंत?”

“पहिल्याच मंगळवारी बाटली घेऊन गेलो. त्याने माझ्याच पाटीच्या फोटोकडे बोट केलं. म्हणाला, काका, हे तुमचंच अक्षर ना? मग आता उगाच तोंडघशी कशाला पडता?”

इथपर्यंत ते दुःखाने बोलत होते. आता आवाज बदलला. हॉस्पिटलसमोरच्या पंपावर नोझल धरणारी एक ताई आहे, ती काकांना ओळखते. काकांनी तिच्यापुढे मन मोकळं केलं तेव्हा ती सहज म्हणाली, “त्या पांढऱ्या बुटांचं काय सांगता? त्यांची मोठी पांढरी डिझेलची गाडी तर आमच्याकडेच भरते. वर्ष झालं. ड्रायव्हर येतो, टाकी भरतो, पावती घेत नाही.”

काकूंचं भांडं घासणं थांबलं होतं. मी जमिनीवर बसूनच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा स्वतःचा पंप, तो चढ्या भावाने दुसऱ्याकडे भरतो. म्हणजे त्याला माहीत होतं. टाकी उकरून दुरुस्त करायची तर महिनाभर पंप बंद, म्हणून तो गप्प होता. मंगळवारी सकाळी कुणाच्या पोरांची गाडी पुलावर बंद पडते, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

“काका,” मी म्हटलं, “याला सोडायचं नाही.”

“सोडायचं नाहीच,” ते म्हणाले. “पण तुम्हाला मी आत घेतलंय ते तुम्ही पदवीधर आहात म्हणून. अर्ज कसा लिहायचा ते तुम्हाला येतं. तुमचा-माझा हिशेब वेगळा आहे.”

मी अर्ज लिहिला. दीड पान, तारखा, वेळा, नोझल नंबर. वजनमापांच्या कार्यालयात जाऊन पोच घेतली. बारा दिवसांनी तपासणी झाली. गुरुवारी, दुपारी एक वाजता. सगळं स्वच्छ निघालं. मी अर्जात मंगळवार, सकाळ असं दोनदा अधोरेखित केलं होतं. साहेबांना गुरुवारी दुपारी वेळ होता. पंपमालकाने त्या दाखल्याचीही मोठी प्रत करून पाटीच्या फोटोशेजारी लावली, आणि एक प्रत काकांच्या घरी पाठवून दिली. पाकिटावर लिहिलं होतं, ‘संग्रहासाठी’.

काकूंनी तो कागद चुरगाळला. काकांनी तो सरळ करून फळीवर बाटल्यांच्या मागे उभा केला. “राहू दे. उपयोगी पडेल.”

मी दुसरा अर्ज लिहायला घेतला तर म्हणाले, “आता अर्ज नको. अर्ज त्याच्या बाजूने आहे. नियम आपल्या बाजूने आहे. कुठल्याही गिऱ्हाइकाने पंपावर उभं राहून तपासून दाखवा म्हटलं तर त्यांना नाही म्हणता येत नाही. जार त्यांचा, घनतामापी त्यांचा, नोकरही त्यांचा. आपण फक्त वार निवडायचा. आणि बघणारी माणसं जास्त हवीत.”

माणसं जमवायचं काम माझं. तक्रारीवर सह्या केलेल्या दहा घरांना मी फोन केले. मला सोपं गेलं नाही. एक बाई म्हणाली, “तूच तर पहिली सही केली होतीस, आता काय उलटी बोलतेस?” मी म्हटलं, “म्हणूनच मी पहिली बोलतेय.” सहा जण तयार झाले. काकांनी टॅक्सीवाल्यांना सांगितलं. त्यांच्यापैकी तिघांचे मागच्या वर्षात इंजिनाच्या दुरुस्तीत पैसे गेले होते आणि तिघांनीही मेकॅनिकला शिव्या घातल्या होत्या.

मंगळवारी साडेसहाला मी मुलीला आईकडे सोडून पुलाजवळ गेले. थंडी होती. टँकर उभा होता आणि जमिनीतल्या झाकणात त्याची नळी खुपसलेली होती. बाकीचे आधीच पोचले होते. तीन नंबरसमोर टॅक्सींची रांग, मागे आमच्या चार गाड्या, आणि सगळ्यांच्या पुढे सायकल धरून काका. टँकर गेला. काका नोझलवाल्याला म्हणाले, “जारमध्ये काढून दाखवा. घनता बघायची आहे.”

नोझलवाला मॅनेजरकडे, मॅनेजर फोनकडे. जार सापडेना. मग सापडला तर घनतामापी कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकाकडे. पाच मिनिटांत पांढरी गाडी आली. पुढे ड्रायव्हर, मागे मालक. पांढरे बूट खाली उतरले.

“काका, पुन्हा? दाखला पाठवला होता ना?”

“मिळाला,” काका म्हणाले. “म्हणून आज तपासत नाही. जार राहू द्या.”

मी चमकले. आमचं ठरलं होतं ते हे नव्हतं.

काका शांतपणे म्हणाले, “तुम्ही फक्त तुमच्या या गाडीत तीन नंबरमधून टाकी भरून घ्या. पैसे मी देतो. भाव तुमचा सगळ्यात स्वस्त आहे, मला परवडेल.”

मालक हसला. “माझी टाकी भरलेली आहे.”

“मग दहा लिटर घ्या.”

“म्हटलं ना, भरलेली आहे. कालच भरली.”

मालकाचा ड्रायव्हर अजून गाडीतच बसला होता. काच खाली होती. भोळा माणूस, मालकाच्या सेवेला तत्पर. तो आतून म्हणाला, “साहेब, काल नाही भरली. दिवा लागलाय कधीचा. आत्ता इथून हॉस्पिटलच्या पंपावरच जायचं होतं ना?”

मग रांगेतला एक दाढीवाला टॅक्सीवाला जोरात हसला. “अहो भरा की साहेब! तपासलेलं आहे. फोटो लावलाय!”

“भरा, भरा,” दुसरा म्हणाला. “घरचं आहे, लाजू नका.”

“दाखला मिळाल्यावरसुद्धा दुसऱ्याचंच पितात हो!”

मालकाच्या मानेपर्यंत लाली चढली. तो नोझलकडे बघत नव्हता, आमच्याकडेही बघत नव्हता. काकांनी तीन नंबरचं नोझल उचलून त्याच्यापुढे धरलं. अदबीने, दोन्ही हातांनी. मालकाने हात मागे घेतले आणि एक पाऊल मागे सरला. माझ्या मुलीच्या हनुवटीला पाच टाके घालायला अठरा मिनिटं लागली होती. तो माणूस नोझलसमोर किती वेळ तसा उभा होता ते मी मोजलं नाही. पण मला ते पुरलं नाही, एवढं आठवतं.

त्यानंतर कपाटाची किल्ली सापडली. जार भरला. गढूळ डिझेल, मधून मधून पाण्याचे बारीक मणी तळाकडे निघालेले. एका आईने तिथूनच कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला आणि लहान मुलाचा दात कसा हलला इथपासून सुरुवात केली. या वेळी साहेबांना मंगळवारी सकाळी वेळ मिळाला. तीन नंबरला सील लागलं. टॅक्सीवाले एकेक करून रांगेतून बाहेर पडले आणि हॉस्पिटलच्या दिशेने गेले. त्यांच्या मागोमाग पांढरी गाडीही हळूहळू गेली. दिवा लागलेला होता, करणार काय?

काकांनी मॅनेजरला केबिनवरचा पाटीचा फोटो उतरवू दिला नाही. खिशातून जाड शाईचं पेन काढलं आणि पुलाजवळच्या पंपाच्या ओळीपुढे, आपल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मंगळवारी पाणी.’ खाली तारीख आणि वेळ. मग मागे सरून, मान तिरकी करून ते नीट वाचलं.

पुढे शाळेने काकांना परत बोलावलं. टॅक्सीवाल्यांनी मिळून व्हॅनचं इंजिन बांधून दिलं. पंपाच्या मालकाने टाकी उकरून नवी बसवली. पाच आठवडे पंप बंद होता. मी रोज मुद्दाम वाट वाकडी करून त्या खड्ड्यावरून जात असे. मला बरं वाटायचं, यात काही लपवण्यासारखं नाही. पंप उघडल्यावर मालक स्वतः काकांच्या घरी गेला. काकूंनी सांगितलं, त्या दिवशी बूट काळे होते. म्हणाला, आता सगळं नवीन आहे, केव्हाही तपासा, पण पाटीवर तेवढं चांगलं लिहा.

काका म्हणाले, “तपासतो.”

आणि ते खरंच तपासतात. आता वार ठरलेला नाही. कधी सोमवार पहाट, कधी रविवार दुपार, मंगळवार तर चुकतच नाही. सात महिने झाले, त्या पंपाचं डिझेल स्वच्छ आहे, माप पुरतं आहे, भाव अजूनही तिघांत कमी आहे. घरातल्या वहीत प्रत्येक रीडिंग आहे. पण व्हॅनच्या पाटीवर पुलाजवळच्या पंपाचं नाव आणि त्याच्यापुढे चारही रकाने कोरे. लोक वाचतात आणि हॉस्पिटलकडे जातात. मालकाने माणूस पाठवून विचारलं, वाईट आहे का? काका म्हणाले, “वाईट लिहिलंय का मी?”

मी एकदा म्हटलं, “काका, आता चांगलं आहे तर लिहून टाका ना.”

“खोटं लिहीत नाही,” ते म्हणाले. “लिहीतच नाही.”

मी तो विषय तिथेच सोडला, कारण व्हॅनमध्येही एक कोरी जागा आहे. काकांनी जुनी अकरा मुलं परत घ्यायला सुरुवात केली ती तक्रारीवरच्या सह्यांच्या उलट क्रमाने. ज्याने शेवटी सही केली, त्याचं मूल पहिलं. दर आठवड्याला एक. मी बोटं मोजत होते. दहा मुलं झाली. अकराव्या आठवड्यात कुणालाच घेतलं नाही. काकांच्या पाठीमागची, खिडकीजवळची जागा तशीच आहे. तिथे दुसरं कुणी बसवत नाहीत. एका नव्या घराने जास्त पैसे देऊ केले तर म्हणाले, जागा भरलेली आहे.

मी मुलीला स्कूटरवरून सोडते. पेट्रोल पाटी बघूनच भरते. मागे बसून ती माझं जॅकेट धरते आणि मी आरशात तिच्या हनुवटीकडे बघत राहते. त्यामुळे माझं रस्त्याकडे लक्ष कमी असतं, हे मला कळतं आणि त्याचीही काळजी वाटते. काकांच्या हातात ती जास्त सुखरूप होती. हे आता मला रोज पटतं. काकांना तेच हवं असणार.

मागच्या सोमवारी शाळेच्या दारात धीर करून विचारलं, “काका, साडेसातला कधी घेणार?”

ते व्हॅनचं मागचं दार उघडत होते. पाटी पुसली, तारीख टाकली. पुलाजवळच्या पंपाच्या ओळीपाशी खडू क्षणभर थांबला आणि पुढे गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घाई आहे का, सात नंबर?”

तेवढ्यात माझी मुलगी वळून पळत आली. तिने खिडकीच्या गजांतून हात घालून आपल्या जुन्या जागेवरचा नंबर बोटाने पुसून बघितला. पुसला गेला नाही. काकांनी तो नव्याने रंगवलेला होता.